बरोबरीचा सौदा

दुपारची सुट्टी संपत आली होती. धाकटीने एका हाताने डबा बंद करता करता दुसऱ्या हाताने फोनवरचा खेळ उघडला, मंडळाच्या बाजारात डोकावली, आणि ताईने मांडलेला सौदा पाहून तिचा हात झाकणावर तसाच राहिला. शंभर काच देणार, एक दगड घेणार. तिने पुन्हा वाचलं. खाली ताईचंच नाव होतं, ताईच्याच शहराचं छोटं चित्र होतं, त्या निळ्या घुमटाचं, जो उभारायला ताईने अख्खा हिवाळा घालवला होता. शंभर काचेला एक दगड! खेळात शहर एकेक काळ ओलांडत वाढतं; काच पुढच्या काळातली, दगड मागच्या काळातला. एका काचेला दोन दगड हा मंडळाचा भाव, आणि तो ठरवला होता खुद्द ताईने. कुणी दोनाऐवजी तीन मागितले तरी ती भर बाजारात त्याची कानउघाडणी करायची. बोट घसरलं असेल, धाकटी स्वतःशी म्हणाली. ताईला नवा चष्मा लागायलाच हवा. दुसऱ्या कुणी झडप घालण्याआधी आपण उचलावा, मग परत देता येईल, असा विचार करून तिने तो सौदा उचलला. तिच्या गोदामात शंभर काच येऊन पडली आणि फोनमधून नाण्यांसारखा एक मंजुळ आवाज आला, जो ऐकून इतर वेळी तिला उगीचच बरं वाटायचं. तिने ताईला निरोप लिहिला, "अगं, दोन शून्यं जास्त पडली, आणि दगड एक कमी." उत्तर लगेच आलं. "कसली शून्यं?"

धाकटी दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवत, आणि ती त्यांवरून मेणाचे, मग चिनीमातीचे दात घडवी. बारीक कुंचल्याने थरावर थर चढवायचे, भट्टीत घालायचे, थंड झाले की घासायचे. तिच्या केसांना कायम जळक्या मेणाचा वास असायचा. पन्नाशी उलटली होती, पण घरच्यांसाठी ती अजून धाकटीच होती, आणि खेळात तिचं नाव होतं दंतमंजन. ते ताईनेच ठेवलं होतं. "तुझ्या नावानेच लोकांची तोंडं स्वच्छ होतील," असं म्हणून ताई इतकी हसली होती की भाऊजी स्वयंपाकघरातून बघायला आले होते. ताई जन्मभर वजनमापांची निरीक्षक. हातात पितळी वजनांची पेटी घेऊन बाजार बाजार फिरायची, आणि ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की दुकानदारांचे काटे आपोआप सरळ व्हायचे. निवृत्त झाल्यावर तिने घरी आलेल्या साखरेच्या पुड्या तोलायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी किराणावाल्याशी खडाजंगी. शेवटी भाऊजी कंटाळले आणि त्यांनी कुठून तरी हा शहर बांधायचा खेळ तिच्या टॅबवर आणून दिला. प्रत्येकाने आपापलं शहर उभारायचं. पण प्रत्येकाच्या जमिनीत दोनच जिनसा पिकतात, बाकीच्या शेजाऱ्यांकडून अदलाबदलीने घ्यायच्या. तिथे फसवाफसवी पाहून ताईचं रक्तच तापलं. नवख्या माणसाकडून लोक एका मिठाला पाच लाकडं उकळतात म्हणजे काय! वर्षभरात तिने स्वतःचं मंडळ काढलं, भाव ठरवले, आणि तीस-चाळीस अनोळखी माणसं गुमान त्या भावाने वागू लागली. एका काळातला माल एकास एक. पुढच्या काळातला एक, मागच्या काळातले दोन. अडलेल्याकडून जास्त घ्यायचं नाही, आणि नडलेला आहे म्हणून कुणाला फुकटही द्यायचं नाही. फुकट घेतलेल्याची मान खाली जाते. हे शेवटचं वाक्य ताई फार गंभीरपणे म्हणायची.

भट्टीने शीळ घातली, तशी धाकटी उठली. दुपारभर ती एका म्हाताऱ्या माणसाच्या समोरच्या दाताची छटा जुळवत होती, आणि छटा काही जुळत नव्हती. मन पुन्हा पुन्हा त्या उत्तरावर जात होतं. कसली शून्यं. संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये तिने काच परत करायचा सौदा मांडला: शंभर काच देणार, एक दगड घेणार. या खेळात नुसतं देता येत नाही, सौदाच मांडावा लागतो, आणि समोरच्याने तो उचलावा लागतो. ताईने उचलला नाही. उलट मंडळात सगळ्यांसमोर लिहिलं, "दंतमंजन, हा सौदा गैर आहे. फुकटचं कुणी घेणार नाही इथे. मागे घ्या." धाकटीला आधी हसूच फुटलं. मग त्यातल्या 'घ्या'वर तिची नजर अडली. चारचौघांत ताई सगळ्यांनाच अहो-जाहो करते, तिने मनाची समजूत घातली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली. रस्त्यावरचे दिवे लागत होते, बेकरीच्या काचेवर वाफ धरली होती, आणि तिला कारण नसताना आईची शाल आठवली.

आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती, ताई नुकती कामाला लागली होती. मागे राहिलं फारसं काही नव्हतंच. चार भांडी, एक आरसा, आणि करड्या लोकरीची एक शाल, जिला आईच्या मानेचा वास होता. दोघींनाही तीच हवी होती. ताई म्हणेल, तू घे, असं धाकटीला वाटलं होतं. मोठ्या बहिणी तसंच म्हणतात. ताईने टेप आणली, शाल टेबलावर पसरली, दोन्हीकडून मोजली आणि बरोबर मधोमध कापली. कापताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. मग दोन्ही तुकडे सारखे घड्या घालून पुढे ठेवले. "तू आधी उचल," ती म्हणाली. त्या दोन तुकड्यांचं पुढे काहीच झालं नाही. ना ते अंगाला पुरले, ना गळ्याला; कापलेल्या कडेने लोकर उसवत गेली. धाकटीला कितीतरी वर्षं ताईचा राग होता, असा एखाद्या जुन्या दुखऱ्या दाढेसारखा, जो जिभेने चाचपल्याशिवाय जाणवत नाही. पण ताईने स्वतःसाठी कधी तसूभर जास्त घेतलं नव्हतं हेही खरं. संत्रं सोललं तर फोडी मोजायची, आणि एक वरची निघाली तर तिचीही दोन भागांत फाळणी. रस दोघींच्या हातांवरून ओघळायचा. धाकटीला वाटायचं, ही मला प्रेम देत नाही, हिस्सा देते. आता बसच्या थंड काचेला कपाळ टेकून तिला वाटलं, की ताईला कदाचित तेवढंच द्यायचं माहीत होतं, आणि तिने ते भरभरून दिलं.

सौदे येतच राहिले. साठ रेशीम, एका लाकडाला. दोनशे संगमरवर, एका मिठाला. आणि मधल्या दिवसांत अगदी चोख, काट्यावर तोलल्यासारखे, की वाटावं सगळं ठीक आहे, आपल्याच मनाचे खेळ. धाकटीने फोन कामाच्या टेबलावर, मेणाच्या डबीला टेकवून ठेवायला सुरुवात केली. मंडळात सगळेच सज्जन होते असं नाही. पेन्शनर नावाचा एक खेळाडू दिवसभर बाजारात ठाण मांडून असायचा. त्याच्या आधी पोचायला हवं. ताईने कष्टाने साठवलेलं असं कवडीमोलाने जाताना तिला बघवत नव्हतं. ती डोळ्यांत तेल घालून बसायची आणि सौदा दिसला की उचलायची. एकदा त्या नादात भट्टीचं तापमान चढवायचं विसरली आणि सहा दात कच्चे, खडूसारखे निघाले. लॅबच्या मालकांनी ट्रे उचलून तिच्यासमोर ठेवला आणि क्षणभर तिच्याकडे पाहिलं. तिचं गोदाम ताईच्या मालाने फुगत चाललं होतं. परत करायची सोय नव्हती. भावापेक्षा जास्त दिलेलं ताई घेत नव्हती, आणि भावाने परत करायचं तर धाकटीच्या एका काचेपोटी ताईचे दोन दगड जात. म्हणजे कसंही फिरवलं तरी ताईच रिकामी होत होती.

शेवटी ती उठून ताईकडे गेली. दार ताईनेच उघडलं. केस नीट विंचरलेले, चष्मा नाकावर, हातात भांडं पुसायचं फडकं. "अगंबाई, धाकटे! फोन तरी करायचा," ती म्हणाली, आणि धाकटीच्या छातीवरचं ओझं उतरलं. चहा झाला, गप्पा झाल्या. शेजारणीच्या मांजराची ताईने नक्कल करून दाखवली, ती पूर्वीसारखीच झकास. मग ताई पुन्हा म्हणाली, "चहा ठेवते हं," आणि तिने धुतलेले कप परत मांडले. धाकटीने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी वर्तमानपत्राच्या घडीवर अंगठा फिरवत होते. दुसरा चहाही ती प्यायली, बिस्किटंही दुसऱ्यांदा घेतली. निघताना भाऊजी जिन्यापर्यंत आले, दार ओढून घेतलं, आणि कठड्याला धरून उभे राहिले.

"डॉक्टरांना दाखवलं," ते म्हणाले. "दोनदा. आता स्मरणशक्ती परत यायची नाही म्हणाले, जातच राहणार. हळूहळू."

"मला सांगितलं नाहीत, भाऊजी."

"तिनेच शपथ घातली होती. म्हणाली, धाकटीला कळलं तर ती माझ्याकडे आजारी माणसासारखं बघेल." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि परत ठेवला. "नंतर तिने शपथ घातली होती हेच ती विसरली. पण मी कसा विसरू?"

खालच्या मजल्यावर कुणीतरी सायकल आत घेत होतं, तिची साखळी भिंतीला घासत होती. धाकटीने खेळातल्या सौद्यांचं सांगितलं.

"त्या मंडळात काही बोलू नकोस," ते म्हणाले. "घरात मी गॅस बंद करतो, चाव्या लपवतो, तिच्या मागे मागे फिरतो. तिला कळतं ते. तिथे मात्र ती अजून बाईसाहेब आहे. लोक विचारतात, हा भाव बरोबर का, आणि ती सांगते. तेवढी एकच जागा राहिलीय बघ तिला. ती नको जायला."

"नाही जाणार," धाकटी म्हणाली.

हे बोलताना तिला वाटलं, वचन म्हणजे नुसतं गप्प बसणं. त्यात अवघड ते काय. जन्मभर गप्प बसूनच तर काम केलं. पण घरी येऊन कपडे बदलताना तिच्या लक्षात आलं, की आपण ताईच्या घरात दोनदा चहा प्यायलो, आणि दुसऱ्यांदा पिताना पहिल्यांदा प्यायल्यासारखा चेहरा केला. तो चेहरा अजून तोंडावर तसाच होता. आरशासमोर ती तो पुसायचा प्रयत्न करत राहिली. दाताचा साचा घेताना माणसं अशीच तोंड उघडं ठेवून बसतात, तोंडातलं मिश्रण घट्ट होईपर्यंत, डोळ्यांच्या कडेने पाणी येत असतं आणि हूं की चूं करता येत नाही.

आणि मग पेन्शनरने तिला उघडं पाडलं. बाजारात कुणी कुणाचा सौदा उचलला हे सगळ्यांना मागे जाऊन बघता येतं, आणि त्याला वेळच वेळ. त्याने एकेक सौदा मंडळात मांडला. शंभर काच, एक दगड. साठ रेशीम, एक लाकूड. दोनशे संगमरवर, एक मीठ. दर वेळी देणारी ताई, घेणारी दंतमंजन. "बाईंच्या नजरचुकीचा ही व्यक्ती महिनोन्महिने फायदा उठवते आहे," त्याने लिहिलं. "एकही वस्तू भावाने परत केलेली नाही. आपल्या मंडळात हे चालतं का?" धाकटी तेव्हा लॅबमध्ये होती, हातात एका नवरीसाठीचे दोन दात होते, पाण्याच्या थेंबासारखे नितळ. तिने ते अलगद कापसावर ठेवले. मंडळात एकामागून एक लोक बोलायला लागले. ज्यांना तिने अडीनडीला मीठ दिलं होतं, ज्यांच्या शहराच्या वाढदिवसाला अभिनंदन केलं होतं, तेही. शी. लाज वाटायला हवी. आम्हाला वाटलं होतं बाई बऱ्या आहेत. ती माणसं तिने कधी पाहिली नव्हती, त्यांची खरी नावंही तिला ठाऊक नव्हती, तरी तिचे कान भर रस्त्यात कुणी धरल्यासारखे तापले. आणि शरमेच्या तळाशी एक गोष्ट होती, जी तिला त्याहून टोचली: पेन्शनर बरोबर होता. समोर जे दिसत होतं त्यावरून तिनेही हाच निवाडा केला असता. मालाचा तोच भाव, हिशेब तोच, काटा सरळ. फक्त काट्याच्या पलीकडे काय आहे ते काट्याला दिसत नव्हतं.

मग ताई आली. पडद्यावर तिचा निळा घुमट उमटला.

"मी हे सौदे पाहिले," ताईने लिहिलं. "मी असे मांडले असतील यावर माझा विश्वास बसत नाही. पण मांडले असले तरी चूक दिसताच परत करणं हे घेणाऱ्याचं काम. दंतमंजन, तुमचं काय म्हणणं आहे?"

तुमचं. धाकटीने तो शब्द बघितला, आणि यावेळी मनाची समजूत घालायला काही उरलं नाही. ताईला दंतमंजन कोण हे माहीत नव्हतं. ते नाव ठेवताना हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ती अख्खी दुपार कुठेतरी गळून पडली होती. धाकटीने लिहिलं, "ताई, मी आहे गं," आणि बोट थांबलं. मी आहे म्हटलं की ती विचारेल, मग घेतलंस का? तू मांडलंस म्हणून. मी कधी मांडलं? आणि मग तीस-चाळीस माणसांसमोर ते सगळं, एकेक करून, तारखेनिशी. ताईला आपला आजार कळेल तो इथे, या चावडीवर, पेन्शनरच्या देखत. तिने अक्षरं खोडली. परत करायचा प्रयत्न केला होता हे लिहावं का? मग तो ताईनेच नाकारला होता हेही निघालं असतं. तेही खोडलं. तिचा अंगठा काचेवर नुसताच टेकून राहिला, अंगठ्यावर चिनीमातीची पांढरी पूड होती. शेवटी तिने लिहिलं, "माझी चूक झाली."

"निदान कबूल केलंत," ताईने लिहिलं. "पण नियम सगळ्यांना सारखा. तुम्हाला मंडळ सोडावं लागेल." आणि पुढच्याच क्षणी बाजार, ती माणसं, निळा घुमट, सगळं धाकटीच्या फोनवरून गेलं. राहिलं फक्त तिचं एकटीचं शहर, ओस रस्त्यांचं, आणि काचेने, रेशमाने, संगमरवराने फुटायला आलेलं गोदाम. तिने फोन पालथा ठेवला. नवरीचे दात उचलले. संध्याकाळपर्यंत तिने ते पुरे केले, आणि मालक म्हणाले, वा, छान झालेत. तेव्हा कुठे तिला बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडावंसं वाटलं, आणि ती रडली.

पुढल्या रविवारी ती ताईकडे गेली ती मनात काही न ठरवता. भाऊजी औषधं आणायला बाहेर पडले. ती आली की त्यांना तेवढी मोकळीक मिळायची. ताई खिडकीपाशी टॅब घेऊन बसली होती. ऊन तिच्या हातांवर पडलं होतं, आणि हातांवरच्या शिरा आईच्या होत्या. "ये गं," ताई म्हणाली. "बरं झालं आलीस. माझं मन लागत नाहीये बघ."

"का? काय झालं?"

"अगं, आमच्या त्या मंडळात एक बाई होती. चांगली होती, निदान वाटायची तरी. मी काढून टाकलं तिला. लबाडी केली तिने."

धाकटीने पर्स मांडीवर घेतली. "काय केलं?"

"घेतलं. नको तेवढं घेतलं." ताईने चष्मा काढून डोळे चोळले. "आता वाटतं, नीट विचारायला हवं होतं. एका ओळीत कबूल करून मोकळी झाली. लबाड माणूस असं करत नाही गं. मी इतके दुकानदार पकडले. लबाड असतो तो भांडतो, शपथा घेतो, पोराबाळांना मध्ये आणतो. ती काहीच बोलली नाही. मी चुकले का?"

खाली रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि खिडकीची तावदानं थरथरली. धाकटीला वाटलं, आता. आत्ता सांगितलं तर कुणी ऐकणार नाही, दोघीच आहोत. शब्द जिभेवर आलेही. पण ताई तिच्याकडे बघत होती ती निवाडा मागत, लहान मुलासारखी, आणि आयुष्यात पहिल्यांदाच.

"नाही चुकलीस," धाकटी म्हणाली. "नियम तो नियम. तू बरोबरच केलंस."

ताईने सुस्कारा सोडला. तिचे खांदे खाली आले. मग ती एकदम उजळली. "तू का नाही येत गं मंडळात? एक जागा रिकामी झालीय. मी शिकवते तुला."

"मला जमेल?"

"न जमायला काय झालं? सोपं आहे." ताईने टॅब पुसला, आणि पितळी वजनं मांडावीत तसे एकेक भाव सांगायला लागली. एकास एक. एकास दोन. एकही चुकला नाही. धाकटी मान हलवत ऐकत होती, मध्येच मुद्दाम अडाण्यासारखा प्रश्न विचारत होती, आणि ताई "अगं वेडे" म्हणत खुलत होती. "आणि एक लक्षात ठेव," ताई म्हणाली. "कुणी भावापेक्षा फारच जास्त द्यायला लागलं ना, तर घ्यायचं नाही. त्या माणसाचं काहीतरी बिनसलेलं असतं. आधी विचारायचं, बाबा रे, बरं आहे ना सगळं?"

धाकटीने मांडीवरची पर्स बाजूला ठेवली. "विचारलं तर सांगतात?"

ताईचं बोट पडद्यावर थांबलं. ती धाकटीकडे वळली नाही.

"नाही सांगत," ती म्हणाली. "लाज वाटते माणसाला." मग तिने आपली खुर्ची थोडी सरकवली आणि टॅब दोघींच्या मध्ये धरला. "जवळ ये अशी. तिथून दिसत नसेल तुला."